लिंबू, रुई आणि एक मिलिमीटर: सातारा-सांगलीत कीटकांचे मॅक्रो फोटो

फुलांचा हंगाम आला की साताऱ्याहून कासकडे गाड्यांची रांग लागते, आणि त्यात गळ्यात मॅक्रो लेन्स (अगदी जवळून मोठे फोटो घ्यायची लेन्स) अडकवलेले लोक पुष्कळ असतात. पण कीटकांचे फोटो शिकायला कास ही गैरसोयीची जागा आहे. सुमारे १२०० मीटर उंचीवर वारा थांबत नाही, धुक्यामुळे उजेड सारखा बदलतो, आणि वाट सोडून फुलांत पाय ठेवता येत नाही (ठेवूही नये). त्यापेक्षा घरामागचं लिंबाचं झाड, बांधावरची रुई आणि कुंडीतली पानफुटी यांवर वर्षभराचं काम निघतं. हात बसला की मग कास.

आधी झाड, मग किडा

कॅमेरा घेऊन किडे शोधत फिरणारा माणूस दमतो आणि पडलेली सावली पाहून किडेही उडून जातात. बहुतेक कीटक ठरावीक झाडांना बांधलेले असतात. ती झाडं ओळखता आली की एका जागी तासभर उभं राहून दहा किलोमीटरच्या भटकंतीपेक्षा जास्त मिळतं.

रुईपासून सुरुवात करा. माण-खटावचं माळरान असो, आटपाडी-जतचा रस्ता असो की मिरजेतला एखादा मोकळा प्लॉट, रुई कुठेही सापडते. पानाच्या खालच्या बाजूला प्लेन टायगर फुलपाखराची अंडी आणि काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या असतात. कोवळ्या शेंड्यावर पिवळा मावा दाटलेला असेल तर तिथेच ढालकिडे, त्यांच्या मगरीसारख्या दिसणाऱ्या अळ्या आणि माव्यावर जगणाऱ्या सिर्फिड माशीच्या अळ्याही मिळतात. फुलांवर मोठे काळे भुंगे येतात. रुईवरचा रंगीत टोळ, निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा, इतका संथ असतो की नवशिक्याला त्याच्याइतका समजूतदार मॉडेल मिळणार नाही. एकच सावधगिरी: तुटलेल्या पानाचा चीक डोळ्याला लागला तर गंभीर इजा होते. त्यामुळे फांदी मोडू नका आणि चिकाचा हात व्ह्यूफाइंडरजवळ (डोळा लावायच्या खिडकीजवळ) नेऊ नका.

लिंबू आणि कढीपत्ता या झाडांवर लाइम आणि कॉमन मॉरमॉन या फुलपाखरांच्या अळ्या असतात. लहान असताना त्या हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्या होतात. लिंबाच्या वर्गातल्या झाडांवर ब्लू मॉरमॉनही वाढतं. २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालेलं ते हेच. पानफुटीच्या जाड पानात फिकट बोगदा दिसला तर आत रेड पिएरो फुलपाखराची अळी पान कुरतडत असते. पान उजेडाकडे धरून मागून फोटो काढला तर तिची सावली दिसते. तुरीच्या आणि भेंडीच्या फुलांवर काळ्या-नारिंगी पट्ट्यांचे हिंगे बसतात. ते हाताने उचलू नका, त्यांच्या अंगातल्या द्रवाने कातडीवर फोड येतात.

वाळवा, पलूस, कराड या उसाच्या पट्ट्यात वेगळाच विषय आहे. २००२ साली लोकरी माव्याने पश्चिम महाराष्ट्रातल्या उसावर धुमाकूळ घातला होता. आजही पानाच्या मागे पांढरा कापसासारखा थर दिसला तर त्याच्यातच डिफाच्या अळ्या आणि मायक्रोमस हे त्याला खाणारे कीटक शोधा. मावा आणि त्याला खाणारा कीटक एकाच फ्रेममध्ये आले तर फोटोला अर्थ येतो. फवारणी झालेल्या रानात, विशेषतः तासगावकडच्या द्राक्षबागांत, मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. कशाची आणि कधी फवारणी झाली, हे त्यालाच ठाऊक असतं.

वेळ

कीटकांचं रक्त थंड, म्हणून पहाटे त्यांना हालचाल जमत नाही. पाऊस सरल्यापासून जानेवारीपर्यंत सूर्य वर येण्याआधी रानात असावं. हिवाळ्यात सूर्योदय सातच्या सुमारास होतो, त्यामुळे साडेसहाला निघालात तरी चालतं. कृष्णेकाठच्या आणि तळ्यांच्या गवतात टाचण्या आणि चतुर दवाने माखून काडीला चिकटलेले असतात. ऊन अंगावर आल्यावर अर्ध्या तासात ते ताजेतवाने होतात आणि मग जवळ जाऊ देत नाहीत.

संध्याकाळही वाया घालवू नका. निळ्या पट्ट्यांच्या एकांड्या मधमाश्यांचे नर अंधार पडताना वाळक्या काडीला जबड्याने चावून लटकतात आणि तसेच झोपतात. ते दिवसा तुळशीवर येतात, म्हणून तुळशीच्या आसपासच्या वाळक्या काड्या सात वाजता टॉर्चच्या मंद उजेडात पाहा. एकदा काडी सापडली की बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशीही तेच मंडळ तिथे जमतं.

मृगाच्या पहिल्या पावसानंतर दोन दिवस मखमली लाल मृगाचे किडे निघतात. आठ पाय असल्याने ते कीटक नव्हेत, पण फोटोला ते कोणी सोडत नाही. त्यांच्या लाल रंगात सगळे बारकावे जळून जातात, कारण लाल चॅनल (फोटोतला लाल रंगाचा हिस्सा) इतरांच्या आधी भरतो. एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) एक स्टॉपने, म्हणजे निम्म्यावर, कमी ठेवा, कॅमेऱ्यात रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) असेल तर लाल चॅनलचाच पाहा, आणि रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फाइलमध्ये काढा.

लेन्स: किती जवळ, कशाने

मॅक्रोत १:१ म्हणजे किड्याचा जेवढा आकार तेवढाच सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चिपवर) पडतो. ढालकिड्याला किंवा माशीला हे पुरतं, माव्याला २:१ (म्हणजे दुप्पट) लागतं, आणि फुलपाखराला १:३ सुद्धा जास्त होतं. तेव्हा सगळ्यांनाच महाग लेन्स लागते असं नाही.

९० ते १०५ मिमीची खरी मॅक्रो लेन्स सगळ्यात सोयीची. १:१ ला पुढच्या काचेपासून किड्यापर्यंत साधारण १३ ते १५ सेंमी अंतर राहतं. ६० मिमीच्या लेन्समध्ये ते अंतर बरंच कमी होतं आणि लेन्सची सावली किड्यावर पडते.

ज्यांच्याकडे आधीच ५५-२०० किंवा ५५-२५० झूम आहे, त्यांच्यासाठी आमची पहिली शिफारस पुढे लावायच्या क्लोज-अप भिंगाची, म्हणजे रेनॉक्स डीसीआर-१५० किंवा डीसीआर-२५०. पहिलं सुमारे ४.८ डायॉप्टरचं (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या ताकदीचं माप), दुसरं ८ चं. डीसीआर-१५० आणि २०० मिमी मिळून जवळजवळ १:१ होतं आणि किड्यापासून २० सेंमी दूर राहता येतं. डीसीआर-२५० ने त्याच २०० मिमीला १.६ पट मिळतं, पण अंतर १२ सेंमीवर येतं. दोन्हींत उजेड कमी होत नाही. पहिल्या वर्षी १५० बरं, कारण अंतर जास्त आणि चुकायची मुभाही जास्त.

एक्स्टेन्शन ट्यूब म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये लावायची पोकळ नळी, तिच्यात काच नसते. किती पट मिळेल याचा हिशेब सोपा: ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिमीचा आकडा). ५० मिमीला ३६ मिमीची ट्यूब म्हणजे ०.७ पट, त्यात लेन्सचं स्वतःचं थोडं. त्याच ट्यूबने २०० मिमीला फक्त ०.१८ पट मिळतं, म्हणून लांब झूमला ट्यूब लावून निराश होणारे बरेच असतात. विद्युत संपर्क असलेल्या ट्यूब घ्या, नाहीतर अॅपर्चर (लेन्समधल्या छिद्राचा आकार) बदलता येत नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे रिव्हर्स रिंग. ५० मिमीची लेन्स उलटी लावली तर साधारण १:१, २८ मिमीची लावली तर सुमारे दुप्पट. अडचण अॅपर्चरची: उलट्या लेन्सला कॅमेरा हुकूम देऊ शकत नाही. म्हणून जुनी, अॅपर्चरची रिंग असलेली ५० मिमी शोधा. साताऱ्यात आणि सांगलीत जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांकडे अशा पडून असतात. उलटी लावल्यावर मागची काच उघडी पडते, तिला बोट किंवा काटा लागू देऊ नका.

मोबाइलवर अल्ट्रावाइडचा मॅक्रो मोड किंवा क्लिपची लेन्स चालते, पण दोन ते चार सेंमीवर जावं लागतं. त्यामुळे विषय ठरतात: अळ्या, कोष, पहाटेचे सुस्त टोळ. उडणाऱ्या माशीमागे मोबाइल घेऊन लागू नका. मोबाइल आपोआप कॅमेरा बदलत असेल तर ते बंद करा आणि स्क्रीन दाबून फोकस लॉक करा.

उजेड हेच खरं काम

अॅपर्चर एफ/११ असं लिहितात, आकडा मोठा तितकं छिद्र लहान. १:१ ला एफ/११ ठेवलं तर एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर तीक्ष्ण दिसणारी खोली जेमतेम एक मिलिमीटरची असते. २:१ ला तेवढ्याच अॅपर्चरला ती मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्यावर येते. त्यामुळे एफ/२२ लावायचा मोह होतो. तो टाळा, कारण १:१ ला एफ/११ चा परिणाम प्रत्यक्षात एफ/२२ इतका होतो (काही लेन्सवर कॅमेरा हा बदललेला आकडाच दाखवतो), आणि त्यापुढे अॅपर्चर मिटवलं की डिफ्रॅक्शनने (लहान छिद्रातून जाताना उजेड पसरल्याने) अख्खा फोटो बोथट होतो. १:१ ला एफ/८ ते एफ/११, २:१ ला एफ/५.६ ते एफ/८.

इतकं अॅपर्चर मिटवून हातात कॅमेरा धरून सूर्यप्रकाशात काम भागत नाही, म्हणून फ्लॅश. सुरुवात इथून करा: मॅन्युअल मोड, १/२०० सेकंद, एफ/११, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) २००, फ्लॅश मॅन्युअलवर १/८ ताकदीला. कमी ताकदीला फ्लॅशचा झोत सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरताच असतो, आणि हात किंवा पान हलल्याचं त्यात दिसत नाही. फोटो काळा आला तर आयएसओ वाढवा. १/२ किंवा पूर्ण ताकदीला गेलात तर झोत लांबतो, हलणं दिसू लागतं आणि दुसऱ्या फोटोसाठी थांबावं लागतं.

उघडा फ्लॅश टाकला की ढालकिड्याच्या पाठीवर पांढरा जळका ठिपका येतो. त्यावर उपाय म्हणजे उजेड मऊ पसरवणारा डिफ्यूझर, तो घरी करता येतो. जाड पुठ्ठ्याचं नरसाळं कापा, फ्लॅशच्या तोंडाला घट्ट बसेल असं एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला साधारण २० बाय १५ सेंमी. आतून चिप्सच्या पाकिटाची चंदेरी बाजू चिकटवा. पुढच्या तोंडावर इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या पॅकिंगमधला पांढरा पातळ फोम लावा, आणि त्याच्या आत दोन सेंमी मोकळं सोडून ट्रेसिंग पेपरचा दुसरा थर द्या. हे दोन सेंमी महत्त्वाचे: दोन्ही थर एकमेकांना चिकटवले तर मध्ये उजळ डाग राहतो आणि किड्याच्या पाठीवर तोच डाग उमटतो. सगळं लेन्सच्या टोकापर्यंत पुढे आणा आणि खाली वाकवा. डिफ्यूझर मागे राहिला की मऊपणा जातो, कारण उजेड मऊ होणं हे तो किड्याच्या नजरेतून किती मोठा दिसतो यावर अवलंबून असतं. दोन थरांनी दीड ते दोन स्टॉप उजेड जातो, तेवढा आयएसओने भरून काढा. फोम पिवळसर झाला की बदला, नाहीतर हिरव्या पानावर मातकट छटा येते.

फ्लॅशने मागचं सगळं काळंकुट्ट होतं ही सर्वांची तक्रार. फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाने घटतो, त्यामुळे १२ सेंमीवरचा किडा उजळ आणि एक मीटर मागचं गवत काळं. उपाय दोन: कोन असा घ्या की किड्यामागे दोन-चार सेंमीवर पान येईल, किंवा आयएसओ ८०० आणि १/६० सेकंद ठेवून मागचा नैसर्गिक उजेडही फोटोत येऊ द्या. दुसऱ्यात वारा असेल तर दुहेरी कडा दिसतात, म्हणून ते पहाटेच.

फोकस

ऑटोफोकस बंद करा, तो पुढे-मागे फिरत राहतो आणि तोवर किडा गेलेला असतो. लेन्सवर हवं ते आवर्धन ठरवा, रिंगला पुन्हा हात लावू नका, आणि शरीर हळूहळू पुढे नेत व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा तीक्ष्ण दिसताच बटण दाबा. श्वास सोडताना दाबा, रोखून धरल्यास हात थरथरतो. डोळा चुकला तर बाकी कितीही सुंदर असलं तरी फोटो बाद. मात्र फुलपाखराच्या पंखांचा फोटो असेल तर सेन्सर पंखांना समांतर ठेवा. थोडं तिरकं झालं तरी एक टोक धूसर होतं.

हात स्थिर करायची जुनी युक्ती: डाव्या हाताने ज्या काडीवर किडा आहे ती धरा आणि लेन्सचं टोक त्याच हाताच्या मनगटावर टेकवा. काडी, लेन्स आणि हात मिळून एकत्र हलतात, म्हणजे वाऱ्यातही फोकस सुटत नाही. काडी पकडताना किड्यापासून लांब, खालच्या बाजूला धरा. तिपाई रानात फारशी कामाची नाही. ती लावेपर्यंत विषय हललेला असतो, शिवाय तिचा पाय गवतात अडकला की सगळी फांदी हादरते. वाऱ्यासाठी कपड्याचा चिमटा जाड तारेला बांधून जमिनीत रोवला की काडी पकडून ठेवता येते.

जवळ जाताना आधी दोन फुटांवरून एक फोटो घ्या, मग पुन्हा थोडं पुढे. किड्यावर सावली पडू देऊ नका, वरून न येता त्याच्या पातळीला वाका. चतुर उडून गेला तर जागा सोडू नका, बहुतेक जाती त्याच काडीवर परत येतात. उडी मारणारा कोळी (तोही कीटक नाही, पण शेजारी असतोच) तुमच्याकडे वळून पाहतो, तेव्हाच फोटो. खंडोबाचा किडा, म्हणजे प्रार्थना कीटक, तर मानही वळवतो.

पहाटे हालचाल नसताना फोकस स्टॅकिंग (फोकस थोडा थोडा सरकवत घेतलेले फोटो जोडणं) जमतं. एफ/५.६ ठेवून डोळ्यापासून मागे ०.३ मिमीच्या टप्प्याने फोटो घ्या. किड्याची ५ मिमी खोली झाकायला सुमारे १७ फोटो लागतात. झेरीन स्टॅकर किंवा हेलिकॉन फोकस या सॉफ्टवेअरमध्ये ते जोडा. मिशा आणि पायाच्या केसांभोवती भूत, म्हणजे धूसर दुहेरी छटा, दिसू लागलं तर मधला एखादा टप्पा सुटलेला असतो किंवा किड्याने मिशी हलवलेली असते. मिशीवर ब्रश फिरवून दुरुस्ती होते, पण सुटलेला टप्पा भरून निघत नाही.

जे करायचं नाही, आणि जे सांभाळायचं

किडा फ्रिजमध्ये ठेवून थंड करणं, फेविक्विकने चिकटवणं, अंगावर पाणी मारून दव दाखवणं, हे प्रकार चालतात आणि फोटो पाहणाऱ्या जाणकाराला ते लगेच कळतात: पाय नैसर्गिक रीतीने टेकलेले नसतात, मिशा लुळ्या असतात. लिंबावरच्या अळीला टोचून तिची लाल-नारिंगी शिंगं बाहेर काढायला लावणंही बंद करा. काही फुलपाखरं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या अनुसूचींत आहेत, पकडणं वा जमवणं गुन्हा ठरतो. चांदोली, कोयना, सागरेश्वर इथे वन विभागाच्या परवानगीच्या बाहेर जाऊ नका. कासला ठरवून दिलेल्या वाटेवरूनच, आणि पोट टेकून झोपायचं नाही: खडकावर मातीचा थर इतका पातळ आहे की एका बैठकीत मूळं उखडतात. तिथे वाटेच्या कडेलाच ड्रॉसेरा या कीटक खाणाऱ्या वनस्पतीच्या चिकट केसांत अडकलेल्या माश्या मिळतात, त्यांना धक्का न लावता १:१ पुरतं.

माळावर फुरसं असतं, उसात घोणस, आणि कराड-शिराळ्याच्या पट्ट्यात उसात बिबट्याही. घोट्याच्या वरपर्यंत बूट घाला, दगड हाताने उलटू नका, आणि दाट उसात एकट्याने पहाटे शिरू नका. आग्या माशांच्या पोळ्याजवळ फ्लॅश वापरू नका, धडधड पळणंही नको. केसाळ सुरवंटाच्या झाडाखाली बसलात तर अंगभर खाज घेऊनच उठाल.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत खरा शत्रू बुरशी. महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला राहणाऱ्यांची लेन्स एका पावसाळ्यात जाऊ शकते. टॉर्च आतून मारून पाहिलं की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. कपड्यांच्या कपाटात किंवा कातडी पिशवीत लेन्स ठेवू नका. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात १०० ग्रॅम सिलिका जेल टाका, सोबत लहान हायग्रोमीटर ठेवा आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राखा. ४० च्या फार खाली गेल्यास रबर आणि ग्रीस सुकतं. निळं जेल गुलाबी झालं की ते ११० ते १२० अंशांवर निळं होईपर्यंत गरम करून पुन्हा वापरता येतं, पण स्वयंपाकाच्या कढईत नको, कारण त्या निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं. नारिंगी जेल घेतलंत तर ही भानगड नाही. एसी गाडीतून थेट दमट रानात उतरलात तर काचेवर वाफ धरते. पिशवी बंदच ठेवून वीस मिनिटं थांबा, आणि लेन्सवर फुंकर मारू नका.